वाजवून घेतलेला डबा

सोसायटीच्या सभेत चहा येईपर्यंत कुणी भांडायचं नाही, हा ‘सागरमाया’चा जुना शिरस्ता. चहा आला की मग पार्किंग निघायचं, गच्चीवरची वाळवणं निघायची, कुणाच्या कुंडीतलं पाणी कुणाच्या धुतल्या कपड्यांवर पडतं ते निघायचं. मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र उर्मिला चहाच्या आधीच उभी राहिली.

चेअरमन आत्माराम सामंत नुकतेच म्हणाले होते, "पावसाळ्यासाठी जनरेटरचं राखीव डिझेल लागेल. त्याचं काही विशेष नाही. आमच्याकडे गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा रिकामा झालाय. हिनं धुऊन-पुसून ठेवलाय. चालून जाईल."

"कुठला डबा म्हणालात?"

"वहिनी, बसून बोला ना."

"मी उभीच बरी आहे. गेल्या वर्षी कुठला डबा होता, भाऊजी?"

सामंतांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पहिल्या मजल्यावरच्या हंसाबेन पदराच्या टोकानं वारा घेऊ लागल्या. डोक्यावर पंखा फिरतच होता.

गेल्या वर्षीही गोडेतेलाचाच डबा होता. आपल्याकडे हा डबा कधी मरतच नाही. तेल संपलं की त्यात तांदूळ जातात, तांदूळ सरले की पाणी तापवायला चुलीवर चढतो, तळ काळा पडला की त्यात तुळस लागते. सागरमायानं त्यात डिझेल ठेवलं होतं. वरचा पत्रा कापलेला, झाकण म्हणून फरशीचा तुकडा, खाली ओली जमीन. तळाला गंज चढला, वरून पागोळी टिपकत राहिली, आणि कुणी वाकून बघितलं नाही. सव्वीस जुलैला वीज गेली. जनरेटर सुरू झाला. त्याची टाकी संपत आली तेव्हा वॉचमननं डब्यातलं त्याच्यात ओतलं. त्यात निम्मं पावसाचं पाणी होतं. जनरेटर दोन-चार उचक्या देऊन गप्प झाला आणि लिफ्ट होती तिथं थांबली.

लिफ्टमध्ये दशरथ होता. उर्मिलाचा नवरा.

तळमजल्यावरच्या घरांतली म्हातारी माणसं, गाद्या, देवघरं, पीठ-मीठ तो वर पोचवत होता. शेवटची खेप संपवून खाली येताना लिफ्ट जमिनीच्याही खाली घसरून खड्ड्याच्या तोंडाशी अडकली. भाईंदर पश्चिमेची ही बाजू मिठागरांना लागून. खाडी फुगली की पाणी पाहुण्यासारखं विचारून येत नाही. आवारात छातीभर पाणी म्हणजे लिफ्टमध्ये डोक्यावरून. पाणी ओसरल्यावर स्टीलचं दार कापून काढावं लागलं. उर्मिला तेव्हा अंधेरीच्या ऑफिसात अडकलेली. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत पोचली, तर त्याला जिन्याखाली चादरीवर ठेवलं होतं.

पुढं किती दिवस ती दारोदार एकच विचारत फिरली. दार वाजवलं असेल ना हो त्यांनी? बोटात अंगठी होती, दार स्टीलचं होतं. आवाज आला असेल ना कुणाला?

"आवाजच नाही आला. पाऊस एवढा होता."

सगळ्यांच्या तोंडी तेच, आरतीच्या ध्रुवपदासारखं. एकानं म्हटलं की दुसऱ्यानं टाळ वाजवायचा. कॉलेजात जाणारी तिची दिव्या त्या दिवशी चौथ्या मजल्यावर घरात एकटी होती. तीही खाली मान घालून तेच म्हणाली. तिला काय खोदून विचारायचं. लेकरू ते.

उर्मिलाला कुणाला फासावर चढवायचं नव्हतं. एवढ्या घरांतल्या एकानं तरी म्हणावं, हो, ऐकलं, आणि आम्ही भ्यालो. बस. तेवढ्यावर तिनं डोळे मिटले असते. पण पाऊस एवढा होता. म्हणजे त्या माणसाचं सगळं बोलणं पावसानं खाल्लं, आणि पावसावर कसली तक्रार करायची?

"डबा मी आणणार," ती सभेत म्हणाली. "धातूचा. नीट बघून. तुमच्या तुळशीला तुमचा डबा ठेवा."

यावर कुणी हरकत घेतली नाही. चहा आला. त्या दिवशी चहानंतरही कुणी भांडलं नाही.

*

चांगला डबा शोधणं म्हणजे चांगलं स्थळ शोधण्यासारखं. वरून सगळेच गोरे.

स्टेशनकडून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या सामानाची दुकानं आहेत. त्यांतल्या बबनशेठच्या दुकानात ती शनिवारी दुपारी गेली. बबनशेठनं आधी निळा प्लास्टिकचा ड्रम पुढं केला.

"हा न्या ताई. हलका. सगळे हाच नेतात."

"सगळे नेतात म्हणून मी नेऊ? उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, झाकणाला घाम सुटतो. पाण्याला ठीक आहे."

"तुम्ही कंपनीत आहात का कुठल्या?"

"नाही. वर्षभर चौकशा केल्यात."

मग त्यानं लाल रंगाचा पत्र्याचा डबा काढला. रंग ताजा, बोटाला वास लागत होता. उर्मिलानं अंबाड्यातली पिन काढली आणि तळाच्या सांध्यावर हलकेच ओढली. लाल पापुद्रा उठला, खालून तांबूस भुकटी सांडली.

"हे काय आहे?"

"थोडा चालतोच की गंज."

"कुणाला चालतो? तुम्हाला की मला?" तिचा आवाज चढला. रस्त्यावरचा एक माणूस थबकून बघून गेला. "मेकअप करून विकताय होय? यात डिझेल भरलं आणि ऐन वेळी त्यातून लाल पाणी निघालं तर तुम्ही येणार आहात का ओढून काढायला?"

कुणाला ओढून काढायचं ते बबनशेठला कळलं नाही. पण तो गप्प आत गेला, आणि बराच वेळ खडखडाट करून एक हिरवट डबा घेऊन आला. मिलिटरीच्या डिस्पोजलमधला. बसका, खांद्याला रुंद, वर तीन दांड्यांची मूठ. दोन अर्धुकं एकमेकांना कडेनं जोडलेली, त्यामुळे तळाला सांधाच नाही. तोंडावर खटक्याचं झाकण, झाकणाखाली रबराची चकती, अजून मऊ. तिनं आत टॉर्च मारला. आतला लेप सलग होता. नाक लावलं. कशाचाच वास नव्हता, जसं त्यात आजवर कधी काही भरलंच नव्हतं.

आता राहिलं वाजवून बघणं. रोह्याच्या बाजारात तिची आई बोटाच्या पेरानं वाजवल्याशिवाय घागर काय, पणतीसुद्धा घ्यायची नाही. घरी मात्र रितं भांडं वाजवलं की पाठीत धपाटा. बाजारात बोलवायचं, घरात बोलू द्यायचं नाही. जात्यावर बसली की म्हणायची,

बाजाराच्या भांड्याला बाई, बोटानं ग बोलवावं
बोलेल ते घरी न्यावं, मुकं तिथंच ठेवावं

उर्मिलानं डबा वाजवला. पोटाला, खांद्याला, तळाला. सगळीकडून एकच आवाज, काशाच्या ताटासारखा लांबत जाणारा. चिरेची खरखर कुठंही नाही. तो आवाज विरेपर्यंत ती ऐकत राहिली आणि तिला उगाच दशरथाची आठवण आली. तो घराची बेल कधी वाजवायचा नाही. दिव्या तान्ही असताना झोपमोड होते म्हणून सवय लागलेली, ती सुटलीच नाही. अंगठीनं दारावर दोनदा, आणि जरा थांबून मागून एक. कढईत फोडणी तडतडत असली तरी तिला ते कळायचं.

"झालं की ताई," बबनशेठ म्हणाला. "किती वाजवाल? मजबूत माल आहे, भरोसा ठेवा."

"मी कुठं वाजवतेय?"

त्यानं तिच्या हातांकडं बघितलं. तिचे दोन्ही हात पर्सच्या चेनवर होते. मग त्यानं डब्याकडं बघितलं, आणि तो सुतळीनं बांधून रिक्षात ठेवून दिला. घासाघीसही केली नाही.

पंपावरचा मुलगा नळी आत घालणार तेवढ्यात थांबला. "मॅडम, अंदर कुछ है क्या? नट-बिट?"

"काही नाही. बघून घेतलाय मी."

"आवाज आ रहा है ना." त्यानं डबा उचलून उलटा केला, गदागदा हलवला. काही पडलं नाही. त्यानं कान लावला आणि झटकन बाजूला घेतला.

"भरायचंय की नाही तुला?" उर्मिला भडकली. "चांगला डबा आणला तर तुमची नाटकं. त्या गळक्या डब्यांत बरं मुकाट ओतता."

त्यानं मुकाट ओतलं. तिनं गळ्याशी चार बोटं जागा सोडायला लावली, डिझेलला तापल्यावर फुगायला जागा हवी म्हणून.

*

आवाराच्या टोकाला, मिठागराच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची शेड होती. मीटरपासून दूर, जनरेटरपासून दूर, वारा खेळता. तिथं विटांवर फळी टाकून उर्मिलानं डबा ठेवला. शेडला कुलूप, किल्ली तिच्या पदराला. ऑफिसातून आली की आधी शेडमध्ये जायचं, डबा पोटाशी वाजवायचा, गळ्याशी वाजवायचा. पोटाशी मुका, गळ्याशी किंचित पोकळ. म्हणजे जेवढं भरलं तेवढं आहे. मग जिना चढून चौथ्या मजल्यावर. त्या दिवसापासून ती लिफ्टमध्ये पाऊल टाकत नव्हती.

वर दार नुसतं लोटलेलं असायचं. दिव्या बाहेरच्या खोलीत दाराकडं तोंड करून अभ्यासाला बसलेली.

"कडी का नाही लावत ग तू? रोज सांगायचं का?"

"लावते," दिव्या म्हणायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लोटलेलं. आजकालच्या मुलींना भीती म्हणून नाही, उर्मिलाच्या मनात यायचं, आणि ती कांदा चिरायला घ्यायची.

जून लागला तशी हंसाबेननी तिला जिन्यात गाठलं.

"उर्मिलाबेन, वाईट नका मानू हां. ते तुमच्या डब्याचं काय तरी करा ने."

"काय झालं डब्याला?"

"वाजते ने. आम्ही जेवायला बसते आणि चालू. ठक ठक. आमच्या यांना तर बीपी आहे."

उर्मिला पायरीवरच थांबली. "डबा तिकडं भिंतीपाशी, तुमचं स्वयंपाकघर इकडं रस्त्याच्या बाजूला. मध्ये अख्खी बिल्डिंग. आणि भरलेला डबा वाजत नसतो, हंसाबेन. हवं तर चला, दाखवते."

"ना, ना," हंसाबेन घाईनं म्हणाल्या. "मला नाय बघायचं."

उर्मिला खाली गेली. शेड उघडली, फळीशी गुडघे टेकून डब्याच्या गार पोटाला कान लावला. काही नव्हतं. मिठागरावरून टिटवी ओरडत गेली तेवढंच. तिला हसू आलं, आणि हसू ओठांवर पोचायच्या आत त्याचा संताप झाला. कळलं तिला. बाईनं आणलेला डबा यांच्या डोळ्यांत खुपतोय. रोज येता-जाता तो दिसतो, आणि तो दिसला की आधीचा आठवतो. सरळ सांगायची छाती नाही, म्हणून वाजतो म्हणायचं.

पाठोपाठ सामंत घरी आले. तिसऱ्या मजल्यावरचे. दारातच उभे राहिले, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"वहिनी, पत्रा रात्री थंड होतो, दिवसा तापतो. त्यानं वाजत असेल. मी काही अंधश्रद्धाळू माणूस नाही. पण लोकांच्या तक्रारी आहेत."

"लोकांच्या की तुमच्या?"

"मलाही येतो आवाज. दुपारी झोपलो की उशीखाली असल्यासारखा."

"मग मला का येत नाही? त्याच्या शेजारी मी रोज जाऊन बसते, भाऊजी. कान लावून बसते. किल्ली माझ्याकडं आहे. मला का नाही येत?"

आतून दिव्या उठून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सामंतांनी तिच्याकडं एकदा बघितलं, तिनं त्यांच्याकडं, आणि दोघांनीही नजर वळवली. उर्मिला रागात होती. तिच्या ते ध्यानात आलं नाही.

"दुसरीकडं हलवू या," सामंत म्हणाले. "किंवा रिकामा करून..."

"हात लावून बघा," उर्मिला म्हणाली.

*

जुलैच्या मध्याला पाऊस बसला. एका रविवारी सकाळपासून अशी झोड उठली की समोरची इमारत पुसून गेली. पागोळ्या नव्हत्या, पाण्याच्या भिंती होत्या. आवारात घोटाभर पाणी साचलं. जेवणं उरकायच्या सुमाराला कुणीतरी खालून हाका मारल्या, "उर्मिलाताई, किल्ली घेऊन या."

ती उतरली. खांबांच्या मधल्या जागेत, लिफ्टच्या दारासमोर निम्मी सोसायटी जमली होती. सामंत लुंगी वर खोचून, हातात छत्री. हंसाबेन भिंतीला पाठ लावून. कुणी कानांवर हात ठेवलेले, कुणी लेकरू कडेवर घट्ट धरलेलं.

"आता बास," सामंत म्हणाले. पावसामुळं त्यांना ओरडावं लागत होतं. "सकाळपासून थांबलेला नाही. डबा रिकामा करायचा, खाडीत फेकून द्यायचा. ठराव झालाय."

"कधी झाला? चहा न पिताच?"

कुणी हसलं नाही.

"ऐकू येत नाही का तुम्हाला?" सामंत ओरडले. "अख्ख्या बिल्डिंगला ऐकू येतंय."

उर्मिलानं त्यांच्याकडं बघितलं. मग एकेकाकडं. पाऊस पत्र्यांवर, गाड्यांवर, पाण्यावर कोसळत होता. हातभर अंतरावरचं बोलणं विरून जात होतं.

"ऐकू येतंय?" ती म्हणाली. ती ओरडली नाही, तरी सगळ्यांना कळलं. "एवढ्या पावसात?"

सामंत एक पाऊल मागं सरले.

"आवाराच्या त्या टोकाला, कुलपात, फळीवर ठेवलेला डबा. तो तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो. हंसाबेनना जेवताना ऐकू येतो. या एवढ्या पावसात. आणि तेव्हा, इथं, या दारामागं," तिनं लिफ्टच्या स्टीलवर तळहात ठेवला, "एक जिता माणूस होता. तेव्हा पाऊस एवढा होता."

कडेवरचं लेकरू रडायला लागलं. कुणी त्याला चूप केलं नाही.

"चला," उर्मिला म्हणाली. "फेकायचाय ना? चला माझ्याबरोबर."

ती पाण्यातून निघाली. मागून सामंत आले, त्यांच्यामागं हंसाबेन, आणि त्या का आल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेडचं कुलूप काढलं. डबा फळीवर होता. कोरडा, स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. वर्षभर चौकशा करून तिनं आणलेली एवढी एकच धड वस्तू होती त्या इमारतीत.

सामंत दाराशीच थांबले. त्यांच्या मानेची शीर उडत होती.

"काय वाजतंय सांगा," उर्मिला म्हणाली. "मला येत नाही. तुम्ही सांगा."

हंसाबेननी भिजलेला पदर तोंडाला लावला आणि मग काढला.

"बे," त्या म्हणाल्या. "दोन. मग थांबते. पछी एक."

उर्मिलाच्या हातातली किल्ली पाण्यात पडली.

"आणि ते दिवशी पण," हंसाबेन म्हणाल्या. त्यांचा आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "ते दिवशी पण असाच होता, उर्मिलाबेन. अमारी भिंत लिफ्टला लागून छे ने. मी देवापाशी बसली. मोठ्यानं नाव घेत बसली. बंद होयपर्यंत."

"मी जिन्यात आलो होतो," सामंत म्हणाले. छत्री उघडी असून ते भिजत होते. "शेवटच्या पायरीपर्यंत. पाणी बघितलं. मग... मग वर गेलो."

एवढंच. वर्षभर जे मागितलं ते मिळालं, आणि ते हातात घेऊन काय करायचं हे तिला कळेना.

ती डब्यापाशी बसली. खटका दाबून झाकण उघडलं.

डिझेल तिनं सोडलं होतं तिथंच होतं, गळ्याखाली चार बोटं. फळी हलत नव्हती. जमीन हलत नव्हती.

पृष्ठभागावर मधोमध एक वलय उठलं आणि कडेला जाऊन विरलं.

दुसरं उठलं.

मग तेल थांबलं, आरशासारखं.

मग एक.

तिनं कान लावला. काही नाही. डोळ्यांना दिसत होतं ते तिच्या कानाला कुणी देत नव्हतं. आईची दुसरी ओवी आठवली. मुलं झोपली असं समजून आई ती हळू म्हणायची, आणि उर्मिलाला ती नुसती यमकाची वाटायची.

रितं भांडं वाजे बाई, त्याला वाऱ्याची ग साथ
भरलं भांडं वाजे तेव्हा, आत कुणाचा ग हात

लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी त्याच्यासमोर उच्चारलं नव्हतं. अहो म्हणत संसार झाला.

"दशरथ," ती डब्याच्या तोंडाशी वाकून म्हणाली. "ऐकलं त्यांनी. म्हणाले ते. ऐकलं."

तेलावर पुन्हा काही उठलं नाही.

मागं हंसाबेननी मोठा श्वास सोडला. "बंद थई गयो," त्या म्हणाल्या. सामंत खाली बसले, पाण्यातच.

डबा कुणी फेकला नाही.

*

उर्मिला जिना चढून वर आली. साडीचे काठ निऱ्यांपर्यंत भिजलेले, पण अंगात हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. दार लोटलेलंच होतं. आज ती रागावली नाही. कोरडी साडी नेसली, देवापाशी निरांजन लावलं, चहाचं आधण ठेवलं. संध्याकाळ व्हायला आली होती. बाहेर पाऊस तसाच.

"दिव्या," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "हंसाबेन बोलल्या आज. सामंतही. सगळं सांगितलं. डबा थांबला म्हणाले."

बाहेरून कडीचा खुळखुळाट आला.

चहा गाळून ती दोन कप घेऊन आली. दिव्या दारापाशी उभी होती. एक हात कडीवर. दार थोडंसं उघडून तिनं बाहेर बघितलं, बंद केलं, आणि पुन्हा तिथंच उभी राहिली, जशी मुलगी खेळात आपला डाव येण्याची वाट बघते.

"कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग काय करतेस तिथं?"

दिव्यानं आईकडं बघितलं. तिचा चेहरा अगदी शांत होता. रोज असतो तसा. उर्मिलाच्या लक्षात आलं की कितीतरी दिवस तो असाच होता, डबा आणल्यापासून.

"डबा थांबला असेल, आई," ती म्हणाली. "हे नाही थांबलं."

उर्मिलानं कप हळूच टेबलावर ठेवले.

"बाबा वाजवतायत," दिव्या म्हणाली. "आपलं दार. मी उघडते. उघडलं की नसतात. त्या दिवशीही असंच होत होतं. मला वाटलं, चेष्टा करतायत. लपलेत जिन्यात."

"त्या दिवशी," उर्मिला म्हणाली. "किती वेळा उघडलंस ग?"

"थांबेपर्यंत."

दिव्यानं मान किंचित तिरपी केली. डोळे मिटले. तिच्या ओठांनी आवाज न करता मोजलं, दोन, आणि जरा थांबून मागून एक. मग तिनं कडीवरचा हात घट्ट केला.

उर्मिला पुढं झाली. लेकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराच्या लाकडाला कान लावला, श्वास रोखून, जीव गोळा करून, जसा तिनं कधी कुठल्या भांड्याला लावला नव्हता.

पाऊस एवढा होता. तिला दुसरं काहीच ऐकू आलं नाही.